वडापर्यंतचा उजेड

सोलापुरातून निघताना माझ्या पिशवीत दोन धोतरं, एक सदरा आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे सहा बल्ब होते. बल्ब धोतरांत गुंडाळलेले, त्यामुळे नांदेडला पोहोचेपर्यंत मला अंगावरचं धोतर बदलता आलं नाही. बायको म्हणाली, बहिणीकडे जाताना लोक खाऊ नेतात. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, आणि या वेळी अक्काच्या घरून खाऊची मागणी नव्हतीच. दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, माणूस पाठवून निरोप दिला होता. मोटारीला लख्ख आणि टिकाऊ असे दिवे पाहिजेत, आणि निवडायला शंकरने, म्हणजे मी, स्वतः यावं. लढाईचे दिवस होते. चांगला माल बाजारातून उठला होता, तरी दुकानात तीन प्रकार शिल्लक होते; प्रत्येकातली एकेक जोडी मी सोबत घेतली.

निरोपामागचं कारण मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर दाजी लातूरहून नांदेडला परतत असताना तिन्हीसांजेला त्यांच्या मोटारीची एका बाईला धडक बसली. ती बाजार करून पायी घरी चालली होती. जागच्या जागी गेली.

कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसलो. ही गाडी लातूरपर्यंत जाते, पण तिला कसलीच घाई नसते. बार्शीनंतर मोगलाईची हद्द लागली आणि करोडगिरीवाले (निजामाचे जकातवाले) डब्यात शिरले. माझी धोतरं उलगडल्यावर आतून बल्ब निघाले, तेव्हा नाकेदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. एक बल्ब कानाशी धरून हलवला, आतली तार वाजते का ते ऐकलं, आणि माल चांगला आहे असं उर्दूत सांगून तो पुन्हा धोतरात ठेवला. बल्बची पारख करायची ही रीत आमच्याकडेही तीच आहे. मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

लातूरला गंजाजवळच्या (धान्यपेठेजवळच्या) खानावळीत ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ लावून केलेली) खाल्ली. आमटी इतकी तिखट, की डोळ्यांतून पाणी यायला दुसऱ्या कारणाची गरज उरली नाही. तिथून सर्व्हिस मोटारीने नांदेडचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना काळी रानं, करडई वाळायला आलेली, मधूनच फुललेला पळस. रस्ता म्हणजे मुरूम आणि खड्डे यांची भागीदारी. शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. अहमदपूर मागे पडल्यावर त्यांनी एका गावाच्या वेशीकडे बोट केलं आणि माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "हितंच ती बाई गेली. वकिलाच्या मोटारीला धड दिवं न्हवतं म्हनं." मी त्या वकिलाचा मेहुणा आहे, हे काही मी सांगितलं नाही. खिडकीतून एक मारुतीचा पार दिसला आणि त्यापुढे बऱ्याच अंतरावर रस्त्याकडेला एक मोठा वड. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही.

नांदेडला पोहोचलो तेव्हा गोदावरीवरून गार वारा येत होता. अक्का दारातच उभी होती. दर खेपेला दाजी मला "या सोलापुरी चादर" म्हणून हाक मारतात आणि मी "आलो मोगलाई नवाब" म्हणून उत्तर देतो. या वेळी ते नुसते "ये" म्हणाले. माणूस अर्धा झाला होता. जेवताना घास हातात धरून बसायचे. अक्का हळूच म्हणाली की ते रात्री उठून अंगणात मोटारीपाशी जाऊन उभे राहतात.

सगळी हकिकत त्यांनीच सांगितली. अपघातानंतर पोलीस आले, गावचे पाटील आले, पारावर बैठक बसली. मसनाजी, दाजींचा ड्रायव्हर, खाली मान घालून उभा होता. त्याला कोणी काही विचारायच्या आधीच दाजी उठले आणि म्हणाले की दोष माझा आहे. दिवे जुने झाले होते, मी बदलायची चालढकल केली. मेलेल्या बाईचा नवरा, किशन, कोरडवाहू रान कसणारा माणूस. पंचांनी त्याला काय पाहिजे ते विचारलं. दाजी काय म्हणाल ते द्यायला तयार होते. किशनने एवढंच मागितलं की मोटारीला चांगले दिवे बसवा, तिन्हीसांजेला ते गावासमोर लावून दाखवा, पारावरून वडापर्यंत उजेड पडला पाहिजे, आणि मगच अंधाराचं या रस्त्याने जा. गावाने ते मान्य केलं. तेव्हापासून दाजींची मोटार सूर्य मावळल्यावर अंगणाबाहेर गेली नव्हती.

मसनाजीला मी बरीच वर्षं ओळखत होतो. उंच, हाडकुळा, डोक्याला पांढरा रुमाल. मोटार या घरात आली त्या दिवसापासून तो तिच्यासोबत आहे. मुलं मला मामा म्हणतात म्हणून तोही मला मामासाब म्हणतो. अपघातानंतर तो अधूनमधून सर्व्हिस मोटारीने त्या गावाला जायचा आणि किशनच्या दारात बसून यायचा. आधी मला वाटलं, मार खायला जातो की काय. पण किशन त्याला जेवू घालायचा म्हणे.

आता बल्बांबद्दल. यात मला काही कळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिली जोडी सर्वांत लख्ख होती. तिची तार बारीक, उजेड पांढराशुभ्र, पण बारीक तार धक्क्याला तुटते आणि बॅटरीही लवकर पिते. दुसरी जोडी लॉरीची होती. जाड तार, दगडावर आपटली तरी चालेल, पण उजेड पिवळा आणि आळशी. तिसरी मधली, दोन्ही गुण बेताचे. दुकानात बसून मी गिऱ्हाइकाला डोळे मिटून मधली जोडी देतो. इथे मात्र डोळे मिटून काही करायची माझी छाती नव्हती.

टिकाऊपणासाठी आम्ही दिवसाउजेडी विष्णुपुरीपर्यंत मोटार नेली. काळेश्वराचं दर्शन हे निमित्त, खरा हेतू खड्डे. मसनाजीने एकही खड्डा चुकवला नाही, मीच तसं सांगितलं होतं. परत येईपर्यंत लख्ख जोडीतल्या एका बल्बची तार तुटली. देवाला नारळ, खड्ड्यांना बल्ब, असा हिशेब दाजींनी केला आणि पुष्कळ दिवसांनी जरासे हसले.

उजेडाची परीक्षा संध्याकाळी अंगणातून झाली. पार ते वड एवढंच अंतर धरून समोरच्या गोदामाच्या भिंतीवर चुन्याची खूण केली. मसनाजी आत बसला, त्याने खटका दाबला, दिवे लागले, आणि त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. घरात दिवा लागला की आपण करतो तसंच. दारातून अक्कानेही हात जोडले, मीही जोडले. लॉरीच्या जोडीचा उजेड खुणेपर्यंत पोहोचेपोहोचेतो विरून गेला. मधली जोडी लावली तर चुन्याची खूण स्वच्छ दिसू लागली, आणि आम्ही तिघेही एकदम ओरडलो, "गेला वडापर्यंत!"

कोणती जोडी ठेवायची ते मी मसनाजीला विचारलं, कारण रस्ता त्याला बघायचा होता. त्याने उलट मलाच विचारलं, "तुमाला कोनती बरी दिसती, मामासाब?" मग दाजींना विचारलं, मग अक्काला. सगळ्यांनी मधली सांगितल्यावर तो म्हणाला की मलाबी तीच वाटून राहिली. केवढा नम्र माणूस, असं मी दाजींना म्हणालो. मधली जोडी पक्की केली, तारा तपासल्या, काचा पुसल्या.

जायचा दिवस ठरला. दाजींना लातूरला काम होतं आणि मला परतीची गाडी धरायची होती. दुपारी निघून दिवस मावळायच्या सुमारास त्या गावी पोहोचायचं, दिवे दाखवायचे आणि तसंच पुढे लातूर गाठायचं, असा दाजींचा बेत. रातच्याला कशाला, पाटलाकडं मुक्काम करू, सकाळच्याला निघू, असं मसनाजी दोनदा म्हणाला. दाजींनी ऐकलं नाही. अंधारात गेल्याशिवाय दिव्यांचं खरं काय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं होतं.

लोह्याच्या पुढे एका विहिरीपाशी थांबून अक्काने दिलेले धपाटे (तिखट पिठाच्या जाडसर भाकऱ्या) दह्याशी खाल्ले. मसनाजीने खाल्ले नाहीत. त्याला बरं वाटत नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दिवसा लई सोपं असतं, मामासाब. दिवसा मला कायबी भ्याव न्हाई." मला वाटलं, ती बाई त्याच्या डोळ्यांपुढे येत असेल. मन्याडच्या उतारावर आणि पुढच्या चढावर रस्ता इतका खराब होता, की दाजींची टोपी दोनदा माझ्या मांडीवर येऊन पडली.

आम्ही वेशीत पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. अख्खं गाव पारावर जमलं होतं. बायका भिंतींच्या कडेने उभ्या होत्या. पाटलांनी दाजींना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. किशन पुढे आला. माझ्याच वयाचा असावा, अंगावर धुतलेलं बंडी-धोतर. त्याने मसनाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवलास का म्हणून विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी दिव्याचे जानकार म्हनं. चांगलेच आनले आसतील." मी म्हटलं, सोलापुरात याहून चांगले नाहीत.

मोटार वडाकडे तोंड करून उभी केली होती. अंधार पडायची वाट बघत सगळे बसून राहिले.  वडाच्या अलीकडे रस्त्यावर जिथे ती पडली, तिथे कोणी तरी दगडाला शेंदूर लावून ठेवला होता. हळूहळू दगड दिसेनासा झाला, मग वडाचा बुंधाही दिसेनासा झाला. पाटलांनी मान हलवली. दाजी उभे राहिले आणि म्हणाले, लाव.

मसनाजी मोटारीत बसला. इंजिन सुरू झालं. पारावरची माणसं उठली, बायकांनी पदर सावरले. दिवा लागताच जोडायचे म्हणून कित्येकांचे हात अर्धे वर आले होते. खटक्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

दिवे लागले नाहीत.

माझ्या मनात पहिला विचार आला तो तारेचा. खड्ड्यांनी कुठे तरी जोड सुटला असणार. मी पुढे निघालोच होतो. तेवढ्यात मसनाजीने दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, क्षणभर तसेच ठेवले. मग तो मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बगा गड्याहो, पार वडापोत्तर गेलाय उजेड."

समोर वड नव्हता, रस्ता नव्हता, काळोखाशिवाय काही नव्हतं. पारावरच्या लोकांना लगेच समजलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, घाबरून काही तरी बोलला असेल. पण त्याच्या आवाजात घाबरणं नव्हतं. इतक्या दिवसांनी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो बोलत होता. अंगणात ज्या खुणेचा आम्ही त्याच्यापुढे एवढा गजर केला होता, ती खूणच तो आम्हाला पुन्हा सांगत होता. 

किशन पारावरून उतरला. चालत मोटारीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याने उजव्या दिव्याच्या काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग शांतपणे विचारलं, "मसनाजी, मी कुठं उभा हाय?"

मसनाजीने मान वळवली ती पाराकडे. आवाज पुढून आला हे त्याला मग कळलं असावं, कारण त्याने मान पुन्हा समोर आणली. इंजिन तेवढं धडधडत होतं.

"सांग की. कुठं हाय मी?"

"न्हाई दिसत, किशन," तो म्हणाला. "सांज झाली की कायबी दिसत न्हाई."

गर्दीतून दोघे-चौघे तरणे पुढे सरसावले. पाटलांनी हात आडवा घातला. दाजी मटकन घोंगडीवर बसले. किशन दिव्यापासून मागे सरला. मग म्हणाला, "म्या तर दिव्याला शिव्या देत होतो." एवढंच. तो बाजूने गेला, मोटारीचं दार उघडलं, मसनाजीला हाताला धरून खाली उतरवलं, पायरी आली म्हणून सांगत पारापर्यंत नेलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसवलं. त्या हाताला मारायचा हक्क होता. तो हात वाट दाखवत होता, आणि ते बघवत नव्हतं.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी मोटारीचं झाकण उघडलं. बॅटरीजवळची दिव्यांची तार निसटली होती, चाचपडत बसवली. दोन्ही दिवे एकदम पेटले. रस्ता, शेंदराचा दगड, वडाच्या पारंब्या, सगळं दिवसासारखं दिसू लागलं. सवयीने गावाचे हात जोडले गेले. बायकांनीही जोडले. मसनाजी पाठ करून बसला होता. त्याचे हात मांडीवर तसेच राहिले.

त्या रात्री आम्ही पाटलांच्या ओसरीवर पडलो. किशन पुन्हा आला नाही. त्याच्या घरी चूल पेटल्याचं मला दिसलं, पण मसनाजीला बोलावणं आलं नाही. पाटलांच्या घरची भाकरी त्याच्यापुढे झाकून ठेवलेली सकाळी तशीच होती. दाजी छपराकडे बघत म्हणाले, "शंकर, जन्मभर मी लोकांना सांगत आलो की विचारल्याशिवाय कबुली देऊ नका. एकदाच दिली, तीही खोटी निघाली." त्यांचा हेतू चांगला होता, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "त्याला बोलूच दिलं नाही रे मी."

उजाडल्यावर मोटार मसनाजीनेच चालवली, कारण आम्हा दोघांनाही ती येत नव्हती. गावातून जाताना कोणी अडवलं नाही. कोणी रामरामही केला नाही. शेतकामाला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेला सरकून पाठ फिरवून उभी राहिली. दिवसाउजेडी तो अगदी नीट चालवत होता. बैलगाडीला वाट दिली, कुत्र्यासाठी थांबला.  लातुरात दाजींनी ओळखीच्या एका घरून दुसरा ड्रायव्हर परतीसाठी मागून घेतला. मसनाजीने मोटारीची किल्ली दाजींच्या हातात न देता बोनेटवर ठेवली. पुढे तुझं काय, असं दाजींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, गावाकडं भावाचं रान हाय, दिवसाचं काम तिथंबी असतं.

मला गाडीवर पोहोचवायला मात्र तो आला. माझी पिशवी त्याने उचलली होती. छोटी गाडी फलाटाला लागलेली, पाणी भरत होती. कधीपासून असं होतंय, असं मी विचारलं. दोन पावसाळे झाले, आधी वाटलं थकवा असेल, मग वाटलं काच मळली असेल, असं तो म्हणाला. पारावर वकीलसाब उठून दिव्यांचं बोलले तेव्हा त्याला स्वतःलाही ते खरंच वाटलं होतं. सगळ्यांनी मानलं, त्यात तोही आला. मग किशनच्या घरी बसल्यावर त्याला संशय यायला लागला. "दिव्याला शिव्या घालत तो मला भाकर वाढायचा, मामासाब. ती भाकर खाली उतरायची न्हाई."

मग त्याने बंडीच्या खिशातून फडक्यात बांधलेलं काही तरी काढलं. मोटारीचे जुने बल्ब होते. बदलताना त्याने जवळ ठेवले होते, मी कधी पाहिलेही नव्हते. सगळ्यांनी खराब म्हटलेला माल बघायचा कशाला, असं मला वाटलं असणार. तो म्हणाला, तुम्ही जाणकार, उजेडात धरून सांगा.

मी ते एकेक करून उन्हात धरले. काचा स्वच्छ होत्या, आतून काळेपणा नव्हता. कानाशी हलवले. तारा शाबूत होत्या. माझ्या दुकानात आले असते तर आणखी कितीतरी दिवस चालतील म्हणून मी गिऱ्हाइकाला परत दिले असते. खोटं बोलायचं मनात आलं. पण त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते आणि दिवसा त्याला चांगलं दिसत होतं.

"दोन्ही चांगले आहेत," मी म्हटलं.

त्याने ते परत घेतले, फडक्याला गाठ मारली.

"म्हंजी ती बाई उजेडात होती," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

गाडी निघाली तेव्हा तो फलाटावरच उभा होता. हद्दीवर पुन्हा करोडगिरीवाले आले, पिशवी उघडली, या खेपेला धोतरांत धोतरंच निघाली. घरी आल्यावर बायकोने नांदेड-लातूरकडचं काय काय पाहिलं ते विचारलं. मी पळसाचं सांगितलं, येसराच्या आमटीचं सांगितलं, गोदावरीच्या वाऱ्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक मोटारवालं आलं आणि लख्ख पण टिकाऊ असा बल्ब कोणता म्हणून विचारू लागलं. मी त्याला मधली जोडी दाखवली. कोणता दिवा लांब जातो आणि कोणता टिकतो, एवढंच मला सांगता येतं.